शोषखड्डा

५ मे

पुन्हा भेग! स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आहे. तिरकी, थेट छताकडे. मागच्या आठवड्यात केसाएवढी होती, आज त्यात माझं नख गेलं.

हे म्हणाले, "नवं घर आहे. बसतंय अजून."

मी म्हटलं, "घर बसलं असं लोक कशाला म्हणतात ठाऊक आहे ना?"

हसले. पुट्टीचा डबा घेऊन स्टुलावर चढले. आयुष्यभर बस चालवली, आता पुट्टी लावतात — पण थाट तोच, मान तशीच एका बाजूला. खाली मी स्टूल धरून उभी. सगळा जन्म क्वार्टरमध्ये गेला. तिथल्या भिंतींना भेगा पडल्या तर आपलं काय जात होतं! इथली प्रत्येक भेग आपली.

९ मे

भिंत राहिली बाजूला, अंगणच फाटलं आहे. वाळलेली काळी माती, तिच्यात अशा भेगा की एकीत माझी चप्पल अडकून बसली. नळी सोडली तर पाणी गडप. लिंबाचं रोप मान टाकून होतं म्हणून उकरून पाहिलं — एका बाजूची मुळं तुटलेली. जमीन फाटताना त्यांनाही फाडून गेली.

शेजारच्या बाई भिंतीपलीकडून बघत होत्या. "वहिनी, काळीला उन्हाळ्यात उघडी ठेवू नका. पालापाचोळा पसरा वर. पांघरूण घातल्यासारखं."

बाईंचं बरं आहे. भिंतीच्या या बाजूला आमची काळी, त्या बाजूला त्यांचा तांबडा मुरूम. एवढ्याशा अंतरात जमीन बदलते! त्यांच्या घराला एक चीर नाही. शिवणक्लास चालवतात, एकट्याच असतात. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब. मागे त्यांची विहीर. घरात नळ आहे, पण पिण्याला विहिरीचंच पाणी. मलाही तांब्याभर दिलं. खरंच गोड.

१२ मे

आज गंमत. बाई म्हणाल्या, माझ्या मुरमात पाणी ठरत नाही, तुमच्या काळीत निघत नाही, करू या का अदलाबदल? मग काय, संध्याकाळभर बादल्या! भिंतीवरून त्यांचा मुरूम इकडे, आमची काळी तिकडे. हे मधे उभे राहून बादल्या झेलत होते. "दोन्ही बायकांनी मिळून माझी कंबर मोडली," म्हणाले. बाई खूप हसल्या.

अंगणात एक उंच वाफा केला आहे. काळी, मुरूम आणि शेणखत. त्यात मिरच्या लावायच्या.

२० मे

ओळखीच्या एका इंजिनिअरला यांनी बोलावलं होतं. तो भिंती बघत घरभर फिरला, बाहेर जाऊन कोपऱ्याशी उकरलं, हातावर ढेकूळ घेऊन पाणी टाकलं. मग म्हणाला, "ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. वर्षातून एकदा तुमचं घर उचलते, एकदा खाली ठेवते. पाया खाली मुरमापर्यंत न्यायला हवा होता."

यांनी विचारलं, "आता?"

"आता पाणी पायापाशी साचू देऊ नका. झाडं भिंतीपासून लांब लावा. आणि भेगा भरत राहा."

तो गेल्यावर हे पायरीवर बसून. चहा गार झाला. मग एकदम म्हणाले, "मिस्त्री म्हणाला होता अजून खोल जाऊ. मीच घाई केली. तुला लवकर आणायचं होतं इथे."

मी दुसरा चहा ठेवला.

१९ जून

चार दिवस पाऊस. उन्हाळ्यात दारांतून उजेड दिसत होता, आता तीच दारं लागता लागत नाहीत आणि लागली की उघडत नाहीत. सकाळी हे बाथरूममध्ये अडकले! मी बाहेरून ओढतेय, हे आतून ओढताहेत. "अगं ओढू नकोस, ढकल! मी आत ओढतोय!" शेवटी निघाले. मग रंधा घेऊन दाराला बसले. मी म्हटलं, उन्हाळ्यात परत फट पडेल. तर म्हणाले, "उन्हाळ्याचं उन्हाळ्यात."

मी कामाला जाते त्या रंगाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. पावसात कपडे रंगवायला कोण टाकतं? काउंटरवर बसून रंगाच्या पुड्या लावून ठेवल्या. मालकीण म्हणाली, आज तू लवकर जा.

२ जुलै

लिहायला लाज वाटते, पण ही वही कोण बघतंय! संडासात पाणी टाकलं की खाली जात नाही. वर येतं. मागच्या अंगणात शोषखड्ड्याभोवती जमीन पचपचते, वास तर असा की खिडक्या बंद. टाकीतून येणारं पाणी शोषखड्ड्यात जायचं आणि तिथून जमिनीत मुरायचं — कागदावर. ही जमीन ओली झाली की एक थेंब आत घेत नाही. तोंड मिटून बसते.

मिरच्यांचा उंच वाफा मात्र छान. बाकी सगळं कुजलं. गुलाब दोन्ही गेले.

४ जुलै

पाहुणे येणार होते. नको म्हणून कळवलं. काय सांगणार कारण? सांगितलं, यांची तब्येत बरी नाही. हे ऐकून चिडले, "माझी तब्येत कशाला? घराची सांग."

७ जुलै

मिस्त्री येऊन गेला. शोषखड्ड्यात पहार खुपसून म्हणाला, "वरची माती पाणी घेणारच नाही दादा. पण खाली भेगाळ खडक आहे. तिथवर भोक पाडू. मग बघा, घटाघटा पिईल."

हे म्हणाले, "चालतं का असं?"

"सगळे करतात."

मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मलाही वाटलं — सुटलो एकदाचे!

१० जुलै

पाणी गेलं! दिवसभर मशीन घरघरत होतं. संध्याकाळी खाली खडक लागला आणि शोषखड्ड्यातलं सगळं पाणी असं उतरलं, जसं कुणी खालून ओढतंय. आम्ही दोघं काठावर उभे राहून बघत होतो — समुद्र बघायला गेल्यासारखे! मिस्त्रीला चहा दिला, वर खायला दिलं. हे त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

आज घरात वास नाही. खिडक्या उघड्या टाकून बसलो आहोत.

२ ऑगस्ट

यांच्या जुन्या मित्राच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता, परगावी. दोन-अडीच आठवडे तिकडेच मुक्काम करून परवा आले. आल्यापासून जेवण नको, चहा नको. "बाहेरचं खाल्लं, पोटाला लागलं असेल."

५ ऑगस्ट

डोळे पिवळे. कावीळ!! डॉक्टर म्हणाले विश्रांती, हलकं खाणं, पाणी उकळून. "या वयात त्रास देते, पण उतरेल." हे पलंगावर पडून छताकडे बघत असतात. त्या छताच्या भेगेला पुट्टी लावायची राहिली आहे, म्हणतात. स्वतः हळदीसारखे झालेत आणि काळजी छताची.

बाईंनी मऊ भात पाठवला. भिंतीवरून डबा देताना म्हणाल्या, "आमची येतेय पुढच्या आठवड्यात. सातवा लागला."

१३ ऑगस्ट

बाईंची लेक आली. गोल चेहरा, सारखी हसणारी, पोट पुढे करून चालते. आल्याआल्या विहिरीवर गेली, कळशी काढली, उभ्यानेच प्यायली. बाई ओरडल्या, वजन उचलू नकोस! तर म्हणते, "आई, तिकडचं पाणी मचूळ गं. हे पाणी प्यायला तर आले."

मला मावशी म्हणते. आम्हाला मूलबाळ नाही — या घरात पहिल्यांदा कुणीतरी मावशी म्हणून हाक मारली. उगाच चार वेळा भिंतीपाशी जाऊन आले.

३ सप्टेंबर

हे आता बरे. हिंडतात. थकतात मात्र लवकर. लेक दुपारी आमच्याकडे येऊन बसते, यांना विचारते, "काका, रात्रीची बस चालवताना झोप यायची नाही?" मग हे सुरू! घाटात समोर हत्ती आला त्याची गोष्ट. मला लग्नापासून ठाऊक आहे, हत्ती नव्हता, म्हैस होती. पण पोरगी डोळे मोठे करून ऐकते म्हणून मी गप्प.

बाळासाठी झबली शिवताहेत बाई. मी दुकानातून पिवळा रंग आणून दिला, फिका. मुलगा की मुलगी कुणाला माहीत!

१९ सप्टेंबर

लेकीला ताप. उलट्या. बाई म्हणाल्या, गरोदरपणात होतं असं. मलाही तसंच वाटलं.

२२ सप्टेंबर

सकाळी भिंतीपाशी बाई नाहीत. दार उघडं. आत गेले तर लेक पलंगावर, डोळे —

पिवळे.

यांनी रिक्षा आणली. हे पुढे बसले, आम्ही दोघी तिला मधे घेऊन मागे. दवाखान्यात लगेच दाखल. दुकानात फोन करून सांगितलं, येत नाही.

२४ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कावीळ पाण्यातून येते. बाकीच्यांना नुसती येऊन जाते, पोटुशी बाईला मात्र फार वाईट. तिची शुद्ध येते-जाते. बाई तिचा हात सोडत नाहीत.

पाण्यातून. हा शब्द डोक्यातून जात नाही.

२५ सप्टेंबर

बाळ गेलं. मुलगी होती.

२७ सप्टेंबर

आई वाचेल म्हणतात. अजून नक्की नाही. बाई रडत नाहीत. दवाखान्याच्या बाकावर ताठ बसून असतात, मांडीवर रिकामी पिशवी. मी शेजारी बसले. म्हटलं, "बाई, दोन घास खाऊन घ्या." त्यांनी खाल्लेही, मी सांगितलं म्हणून. चावत होत्या तेव्हा डोळे कुठेतरीच.

काल हे सकाळीच कुठेतरी गेले. कुठे होता, विचारलं तर "इथेच." संध्याकाळी मी दुकानातून परत आले तर शोषखड्ड्याच्या झाकणाभोवती ओलं सिमेंट. म्हटलं, हे काय? "झाकण डुगडुगत होतं." — आणि मोरीवर हात धूत राहिले. किती वेळ!

२९ सप्टेंबर

सरकारी आरोग्य खात्याचा माणूस वस्तीत फिरून गेला. विहिरीच्या पाण्यात औषध टाकलं, बाटली भरून घेतली. मी बाहेर उभी होते. विचारलं — अगदी सहज विचारल्यासारखं — "जमिनीतून जाताना पाणी स्वच्छ होत नाही का?"

तो म्हणाला, "मातीतून हळू हळू जातं तेव्हा होतं. खडकाच्या भेगांतून गेलं तर काय, पाइपातून गेल्यासारखंच."

घरात येऊन बसले. ऑगस्टमध्ये यांची कावीळ. जुलैत ते भोक. आणि भिंतीपलीकडे, उतारालाच, विहीर.

नाही. असं नसेल.

१ ऑक्टोबर

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, विहिरीच्या जवळपास काही आहे का, टाकी, शोषखड्डा? मी तिथेच होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मग म्हणाल्या, "विहीर बंदच केलीय आता. नळाचं पाणी घेतो."

का पाहिलं त्यांनी माझ्याकडे?

३ ऑक्टोबर

आज विचारलंच. जेवताना. म्हटलं, "आपलं ते भोक. त्याच्यामुळे तर नसेल?"

यांचा हात ताटातच थांबला. "काहीबाही आणू नकोस डोक्यात."

"काहीबाही कसं? तुम्हाला कावीळ झाली, नंतर तिला —"

"गावात आणखी कुणाला झाली नसेल? मला नाही का बाहेरून आली? माती सगळं गाळते."

"माती गाळते. खडक?"

ताट सारून उठले. "यावर परत बोलायचं नाही. कुणाशीच नाही. कळलं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या आवाजात माझ्याशी कधी बोलले नव्हते. भीती वाटली. यांची नाही — यांना हे ठाऊक आहे याची.

६ ऑक्टोबर

टाकी उपसणारी गाडी आली होती. दुकानातून येताना गल्लीच्या तोंडाशी दिसली. म्हटलं, आता कशाला? पाणी तर जातंय ना खाली! "वास येत होता." मला तर वास आला नव्हता.

पुरावा पुसताहेत का? असलं लिहिताना माझाच मला राग येतो. ज्या माणसाने कधी कुणाचं सुटं नाणं ठेवून घेतलं नाही, प्रवाशाची विसरलेली छत्री डेपोत नेऊन दिली — तो. पण मग बोलत का नाही? ती पोर तिकडे पडली आहे, तिची आई नळाचं पाणी भरून नेते, आणि हे म्हणतात कुणाशी बोलायचं नाही.

आता तर रोज सकाळी बाईंसाठी पाण्याचे कॅन हेच नेऊन देतात दवाखान्यात. वरून शेजारधर्म!

८ ऑक्टोबर

बाईंचा फोन. किल्ली दाराशेजारच्या कुंडीखाली आहे, झाडांना पाणी घालाल का वहिनी? घातलं. त्यांच्या मुरमात पाणी ओतलं की लगेच आत. आम्ही दिलेली काळी जिथे मिसळली तिथे झेंडू फुलले आहेत, बाकी सगळं सुकलेलं. आतल्या खोलीत मशीनवर पिवळं झबलं तसंच. एक बाही शिवलेली.

मी ते उचललं नाही. हात लावायचा माझा काय अधिकार?

तिथेच ठरवलं. खरं काय ते बघायचं. यांना विचारून नाही.

९ ऑक्टोबर

दुकानातून हिरव्या रंगाच्या पुड्या घेतल्या. मालकिणीला सांगितलं, घरचा पडदा रंगवायचाय. हे बाजारात गेल्यावर सगळ्या बादलीत कालवल्या आणि संडासात ओतल्या. वर बादल्यांवर बादल्या पाणी. गडद हिरवं, शेवाळासारखं. हातांना लागलं ते निघेना, तर भांडी घासायच्या काथ्याने घासले.

मग बाईंच्या विहिरीवर गेले. बादली काढली. पांढऱ्या मगात घेऊन उजेडात धरलं. स्वच्छ.

लगेच कसं येईल? उद्या बघू.

१० ऑक्टोबर

स्वच्छ.

११ ऑक्टोबर

सकाळी स्वच्छ. संध्याकाळी जरा हिरवट वाटलं — मगावर झाडाची सावली होती.

१४ ऑक्टोबर

अजून स्वच्छ! आज तीन वेळा पाहिलं. पाऊसही झाला मधे, तरी नाही. यायचं असतं तर आत्तापर्यंत आलं असतं. खडकाच्या भेगा दुसरीकडे कुठे जात असतील. कुणास ठाऊक, जमिनीच्या पोटात कोण शिरून आलंय!

आपण नाही. आपण नाही!

विहिरीच्या कठड्याला टेकून बसले आणि रडले. बाईंच्या बाळासाठी आज पहिल्यांदा रडता आलं. इतके दिवस रडायलाही चोरासारखं वाटत होतं.

१५ ऑक्टोबर

यांना सांगितलं. सगळं — रंग, मग, विहीर. म्हटलं, "तुम्ही खरे ठरलात. पाणी तिकडे जात नाही. माझंच चुकलं, मी तुमच्यावर संशय घेतला."

वाटलं, चिडतील. किंवा सुटल्यासारखं हसतील. यांचं तसं काहीच नाही. मग म्हणाले, "परवा गाडी आली तेव्हा गाडीवाला म्हणाला खरा, टाकीतलं पाणी हिरवं कसं. मला वाटलं तू पडदा धुतलास."

"बघा! टाकीतच राहिलं ते. विहिरीत गेलंच नाही."

"बरं झालं," म्हणाले. उठून मागे गेले.

बरं झालं! एवढंच? माझ्या डोक्यावरून डोंगर उतरला आणि या माणसाला त्याचं काही नाही. पुरुषांची मनं कशाची असतात देव जाणे.

१८ ऑक्टोबर

गाडी परत आली होती. आठवड्याला गाडी! म्हटलं, मिस्त्रीला बोलवा, भोक तुंबलं असेल. "बघतो." जेवत नाहीत नीट. पँट सैल झाली आहे. परत कावीळ तर नाही? डोळे पाहिले, पांढरे आहेत. नुसते लाल.

२१ ऑक्टोबर

लेकीला घरी आणलं. काठीसारखी झाली आहे. तिचा नवरा आला आहे, चांगला मुलगा, पण काय करावं कळत नाही त्याला, सारखा उशी सारखी करतो. मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती. "मावशी आल्यात बघ," बाई म्हणाल्या. ती वळली नाही. हात मात्र मागे केला, आंधळ्यासारखा. मी धरला. गार.

हे भिंतीपलीकडेच थांबले. या म्हटलं तरी आले नाहीत. "काय तोंड दाखवू तिला," म्हणाले. मी म्हटलं, असं काय बोलता, आपला काय दोष त्यात? तर आत गेले.

२३ ऑक्टोबर

ऊन पडतंय. जमीन वाळायला लागली. बैठकीच्या कोपऱ्यात भरलेली भेग परत उघडली आहे. या वेळी हे पुट्टी घेऊन चढले नाहीत. मी दाखवली तर नुसतं पाहिलं. "राहू दे."

घर बांधलं तेव्हा दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचे. आता गेटचा आवाज झाला की दचकतात.

२५ ऑक्टोबर

बाईंना रंगाचं सांगावं असं वाटतंय. त्यांनी दवाखान्यात माझ्याकडे पाहिलं होतं ना, तेव्हापासून खुपतंय. त्यांच्या मनात असेल तर निघून जाईल. चांगल्या शेजाऱ्यात असं काही राहू नये.

२६ ऑक्टोबर

गेले होते. लेक झोपली होती. बाई मशीनपाशी बसल्या होत्या, मशीन बंद. मी सगळं सांगितलं. की मला संशय होता, की मी रंग टाकला, की पाणी स्वच्छ निघालं.

बाई ऐकत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "वहिनी, तुमचे हे आले होते दवाखान्यात. बाळ गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्यासमोर फरशीवर बसले. सगळं सांगितलं — भोक, कावीळ. त्याच दुपारी मिस्त्रीला बोलावून भोक सिमेंटने बुजवलं त्यांनी. तुमचा रंग कुठून येणार?"

"तुम्हाला सांगू नका म्हणाले. आमची ही तुमच्याकडे येऊन बसते, तेवढं तरी तिचं राहू दे, म्हणाले."

मी विचारलं, "आणि तुम्ही मला किल्ली दिलीत?"

"तुमच्यावर नव्हता राग. त्यांच्यावर आहे. जाईल की नाही माहीत नाही मला."

घरी आले. हे दारात उभे. "काय म्हणाल्या बाई?"

मी म्हटलं, "भोक बुजवताना मला हाक का नाही मारलीत?"